घडीचा पडदा घरच्या घरी: एका खिडकीचा पूर्ण हिशेब

माझा पहिला घडीचा पडदा दीड सेंटिमीटर तिरका आहे. अजूनही मागच्या बाल्कनीच्या खिडकीला लटकतो आणि वर ओढला की डावीकडे मान टाकतो. शिवण सरळ होती, दोऱ्या सारख्या लांबीच्या होत्या, कापडही बरं होतं. चूक एकच. दुकानदाराने कात्रीने सर्रकन कापून दिलेली कड मी सरळ समजले आणि तिच्यापासून पुढची सगळी मापं घेतली. ती कड मुळात तिरकी होती. पुढचे सहाही पडदे सरळ पडले, कारण त्यांच्या वेळी शिवणयंत्रापेक्षा जास्त वेळ मी टेप आणि गुण्या हातात घेऊन जमिनीवर बसले होते.

दुकानात ज्याला 'रोमन ब्लाइंड' म्हणतात तोच हा पडदा. सपाट कापड, मागे अस्तर, अस्तरात आडव्या काड्या, काड्यांना कड्या आणि कड्यांतून वर जाणाऱ्या दोऱ्या. दोरी ओढली की कापड घड्या घालत वर जातं. नेहमीच्या चुण्यांच्या पडद्याला खिडकीच्या रुंदीच्या दुप्पट ते अडीचपट कापड लागतं. याला खिडकीएवढंच लागतं. काटकसर होते ती इथेच. बाहेर करून घेतला तर चौरस फुटाने शिलाई लावतात, कापड वेगळं, बसवणावळ वेगळी. मला एका खिडकीचा जो आकडा सांगितला होता, त्यात माझ्या तीन खिडक्या होऊन थोडे पैसे उरले.

आता एकच खिडकी घेऊन शेवटपर्यंत जाऊ. आकडे माझ्या बैठकीच्या खोलीतल्या खिडकीचे आहेत. तुमच्या खिडकीचे वेगळे असतील, पण रीत तीच.

खिडकी मोजताना

पहिला प्रश्न: पडदा खिडकीच्या कोनाड्यात बसवायचा की बाहेर भिंतीवर? कोनाड्यात दिसायला नेटका, पण त्यासाठी साधारण सहा सेंटिमीटर खोली मोकळी हवी. आपल्याकडे नेमकी तिथेच अडचण असते. जाळी आतून असते, सरकत्या काचेची मूठ पुढे आलेली असते, मच्छरदाणीचं तावदान आत उघडतं. तावदान आत उघडत असेल तर कोनाड्याचा नाद सोडा आणि भिंतीवर लावा. भिंतीवर लावताना दोन्ही बाजूंना पाच-पाच सेंटिमीटर आणि वर दहा सेंटिमीटर जास्त धरा, म्हणजे कडेने उन्हाची चीर येत नाही.

कोनाड्याची रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजा. प्लास्टर कधीच सारखं नसतं. माझ्या खिडकीत वर ९८, मध्ये ९७.५ आणि खाली ९७ सेंमी भरले. सगळ्यात लहान आकडा घ्यायचा आणि त्यातून एक सेंटिमीटर वजा करायचा. म्हणून पडद्याची तयार रुंदी ९६ सेंमी. उंची १३३ होती, ती १३२ धरली. कापडाचा नव्हे, लोखंडी टेप वापरा. शिवणकामाचा जुना टेप ताणलेला असतो.

कापड

दुकानात पहिला प्रश्न पन्ह्याचा, म्हणजे कापडाच्या रुंदीचा विचारा. ४४ इंची पन्हा म्हणजे साधारण ११२ सेंमी. माझ्या पडद्याला कापायची रुंदी १०४ सेंमी लागते, म्हणजे एका पन्ह्यात बसतो, जोड नाही. ३६ इंची मांजरपाट स्वस्त मिळतो म्हणून घेतलात तर मध्ये जोड येईल, आणि उन्हासमोर तो जोड काळ्या रेघेसारखा दिसेल. मीटरमागे वाचलेले वीस रुपये असे रोज डोळ्यांसमोर येतात.

मध्यम वजनाचं सुती कापड सगळ्यात बरं: जाड मांजरपाट, हातमागाचं साधं सुती, खादी, सुती केसमेंट. पुण्यात रविवार पेठ, मुंबईत मंगलदास मार्केट किंवा दादरला हिंदमाताकडे तागे उलगडून पाहता येतात, हात लावून पाहता येतो. शिफॉन-जॉर्जेटसारखं सुळसुळीत कापड घडीच धरत नाही आणि सोफ्याचं जाड कापड वर ओढल्यावर गाठोडं होऊन बसतं. उभ्या पट्ट्यांचं कापड पहिल्या पडद्याला घेऊ नका. पट्टी पाव सेंटिमीटर कलली तरी पाहुण्याला दिसते. चौकडी मात्र शिकणाऱ्याची मैत्रीण आहे, कारण रेघा आखायचं अर्धं काम तिनेच करून ठेवलेलं असतं.

जुन्या सुती साडीचा विचार बहुतेकांच्या मनात येतो, माझ्याही आला. साडी आडवी लावली तर खिडकी कितीही रुंद असो, जोड येत नाही आणि काठ बरोबर पडद्याच्या खालच्या कडेला येतो. फार सुंदर दिसतं. पण साडीचा पन्हा साधारण ११५ सेंमी, म्हणजे शिवणीची जागा सोडून एक मीटरभर उंचीच्याच खिडकीला ती पुरते. आईच्या विटक्या इरकलीचा पडदा मी स्वयंपाकघरात असाच केला. साडी उजेडासमोर धरून पाहा. जिथे विरली असेल तिथून उन्हाने ती आणखी लवकर जाईल.

अस्तर टाळू नका. अस्तरामुळे पुढचं कापड उन्हाने लवकर विटत नाही, काड्यांना घर मिळतं आणि बाहेरून इमारतीला सगळ्या खिडक्या पांढऱ्या दिसतात. पांढरं किंवा मोतिया सुती अस्तर पुरतं. काळोखी अस्तर, म्हणजे मागे रबरासारखा थर असलेलं, झोपायच्या खोलीत उपयोगी पडतं, पण त्यात सुईने पडलेलं भोक बुजत नाही आणि सकाळी शिवणीच्या जागी उजेडाचे टिंब चमकतात.

दोन्ही कापडं पावणेदोन-पावणेदोन मीटर घ्या. हिशेबाने दीड मीटर लागतं, बाकीचं आटण्यासाठी आणि कड सरळ करण्यासाठी.

आमच्या कोपऱ्यावरचे शिंपीकाका कापड बघूनच म्हणाले होते, "ताई, आधी भिजवा, मग कात्री लावा." कोऱ्या कापडात खळ असते, ती निघते आणि कापड आटतं. पुढचं कापड आणि अस्तर दोन्ही रात्रभर पाण्यात ठेवा, पिळू नका, सावलीत वाळवा आणि थोडं ओलसर असतानाच इस्त्री करा. एकच भिजवलंत तर पहिल्या धुण्यात अस्तर आखडेल आणि पडदा वाटीसारखा पुढे फुगेल.

बाकीचं सामान

वरची लाकडी रीप २ बाय १ इंचाची, ९५ सेंमी लांब. वखारीत तुकड्यांत मिळते. खालच्या कडेला वजनासाठी पाऊण ते एक इंच रुंद ॲल्युमिनियमची पट्टी, ९४ सेंमी. लोखंडी पट्टी स्वस्त असते, पण एका पावसाळ्यात कापडावर गंजाचा डाग उतरतो आणि तो जात नाही. आडव्या काड्यांसाठी बांबूच्या चार कामट्या, ९१ सेंमी लांब. बुरडाकडे सांगितलं की तासून देतात. त्यांना काचकागद घासून व्हार्निशचा एक हात द्या. कच्च्या बांबूला भुंगा लागतो.

शिवाय बारा-पंधरा मिलिमीटरच्या बारा प्लास्टिक कड्या, एक इंची वेलक्रो एक मीटर, तीन आय-स्क्रू (डोळ्याचे स्क्रू), दोन मिलिमीटरची विणलेली पडद्याची दोरी अकरा मीटर आणि दोरी गुंडाळायचा हुक. पतंगाचा मांजा किंवा साधी नायलॉनची सुतळी नको, गाठ सुटते.

माझा खर्च असा झाला: कापड २८०, अस्तर १२०, रीप आणि पट्टी १५०, कामट्या ४०, किरकोळ सामान १८०. एकूण ७७० रुपये. गिट्ट्या (भिंतीतल्या भोकात स्क्रू घट्ट धरणारे तुकडे) आणि स्क्रू घरात होते. तुमच्या गावात, तुमच्या कापडाला आकडे बदलतील, पण सगळ्यात मोठा फरक पुढच्या कापडानेच पडतो.

कड सरळ करणं

हाच भाग लोक पाच मिनिटांत उरकतात. याला अर्धा तास द्या.

कापडाच्या एका टोकाला किनारीजवळ कात्रीने दोन सेंटिमीटरची चीर द्या. तिथे दिसणारा एक आडवा दोरा सुईच्या टोकाने उचला आणि हळूहळू ओढत जा. कापड त्या रेषेवर चुरमडतं आणि मागे एक पोकळ रेघ उरते. ती रेघ म्हणजे बाणा, कापडाची खरी आडवी दिशा. दोरा तुटला तर तुटल्या जागेपर्यंत कापा आणि तिथून पुढचा दोरा उचला. माझ्या पहिल्या पडद्याच्या उरलेल्या कापडावर मी हे नंतर करून पाहिलं, तेव्हा एका टोकाला शून्य आणि दुसऱ्या टोकाला चार सेंटिमीटरचा पाचर निघाला. दुकानाची कात्री एवढी कलली होती.

छापील कापडात मात्र दोरा ओढून भागत नाही. छपाई दोऱ्याला धरून असेलच असं नाही, आणि डोळा छपाई पाहतो, दोरा नव्हे. तिथे नक्षीच्या ओळीवरूनच कड ठरवा. नक्षी आणि दोरा यांत दोन सेंटिमीटरहून जास्त फरक असेल तर ते कापड पडद्याला घेऊच नका.

आता किनार काढून टाका, कारण ती घट्ट विणलेली असल्याने कडेला सुरकुत्या ओढते. मग मापं आखा:

पुढचं कापड: रुंदी ९६ + ४ + ४ = १०४ सेंमी. लांबी १३२ + खालच्या दुमडीला ६ + वर २ = १४० सेंमी.

अस्तर: रुंदी ९६ सेंमी (दोन्हीकडे २ सेंमी दुमडून ९२ होईल). लांबी १५० सेंमी. का, ते पुढे येतं.

कापण्याआधी दोन्ही कर्ण मोजा. १०४ बाय १४० च्या आयताचा कर्ण साधारण १७४ सेंमी भरतो. दोन्ही कर्णांत अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर खडू पुसा आणि पुन्हा आखा. फरशीच्या रेघांवर विसंबू नका; आमच्या फरश्यासुद्धा सरळ नाहीत, हे मला पडद्यामुळेच कळलं.

घड्यांचा हिशेब

चार काड्या धरू. दोन काड्यांमधलं अंतर म्हणजे एक पूर्ण घडी. तळाचा भाग अर्ध्या घडीपेक्षा एक सेंटिमीटर जास्त ठेवायचा, म्हणजे पडदा वर गेल्यावर खालची कड घड्यांच्या मागे लपत नाही. सगळ्यात वर एक पूर्ण घडी आणि शिवाय रीप व आय-स्क्रूसाठी पाच सेंटिमीटर.

आपली घडी २८ सेंमी. तळाला १५, मग २८, २८, २८ आणि वर ३३. बेरीज १३२. पडदा पूर्ण वर ओढला की खिडकीच्या वरच्या साधारण वीस सेंटिमीटरमध्ये गोळा होतो. ज्यांना जास्त उजेड हवा त्यांनी पाच काड्या घेऊन घडी लहान करावी.

काड्यांची घरं अस्तरातच चिमटे घेऊन करायची. एका चिमट्याला ४ सेंमी अस्तर जातं, म्हणजे चारांना १६. म्हणून १३२ + १६ + वरचे २ = १५०.

अस्तराच्या दोन्ही उभ्या कडा २ सेंमी दुमडून टीप मारा. मग खालच्या कडेपासून आडव्या रेघा आखा: १५ आणि १९, ४७ आणि ५१, ७९ आणि ८३, १११ आणि ११५. शेवटची एकटी रेघ १४८ वर. प्रत्येक अंतर तळापासूनच मोजा, आधीच्या रेघेपासून नको. नाहीतर मिलिमीटर साठत साठत सेंटिमीटर होतो. आता १५ ची रेघ १९ च्या रेघेवर आणा, चिमटा सुलट बाजूला उभा राहील, आणि दोन्ही रेघा जुळतात तिथून टीप मारा. अशी चार घरं तयार होतील. प्रत्येक घराचं एक टोक शिवून बंद करा, दुसरं उघडं ठेवा.

जोडणी

पुढचं कापड उलटं पसरा. दोन्ही बाजू ४ सेंमी आत दुमडून इस्त्री करा. खालच्या कडेपासून ६ सेंमीवर एक आडवी रेघ आखा. हीच पडद्याची तळाची कड. अस्तर त्यावर ठेवा, घरं वर दिसतील अशी, अस्तराची खालची कड बरोबर त्या रेघेवर. दोन्ही बाजूंना दोन-दोन सेंटिमीटर पुढचं कापड दिसायला हवं. टाचण्या मधून बाहेरच्या दिशेने लावा, कडेकडून मध्ये नको. नाहीतर मध्ये फुगा राहतो.

बाजूची कड हाताने तुरपून घ्या. तळाची दुमड आधी १ सेंमी आणि मग ५ सेंमी, अस्तरावर घेऊन टीप मारा. तिची टोकं उघडी ठेवा, त्यात ॲल्युमिनियमची पट्टी सरकवायची आहे.

आता एक काम असं, जे सोडून दिलं तरी पडदा पहिल्या दिवशी चांगलाच दिसतो. अस्तर आणि पुढचं कापड प्रत्येक घराच्या टीपेवर एकमेकांना जोडायला हवं. नाहीतर वर ओढल्यावर अस्तर घडी घालतं आणि पुढचं कापड पोटासारखं लोंबतं. शिवणयंत्राने आरपार टीप मारली तर पुढे चार आडव्या रेघा दिसतात. जाड साध्या कापडावर त्या वाईट दिसत नाहीत. मी हाताने करते: दर पंधरा सेंटिमीटरवर पुढच्या कापडाचे फक्त दोन दोरे सुईत धरून एक पक्का टाका. टीव्ही बघत एका संध्याकाळी होतं.

वर १३२ सेंमीच्या रेषेवर दोन्ही कापडं मागे दुमडा आणि वेलक्रोची मऊ पट्टी त्या दुमडीवर शिवा, म्हणजे कच्ची कड तिच्याखाली झाकते. कड्या घरांच्या उभ्या राहिलेल्या दुमडीच्या कडेवर शिवायच्या: दोन्ही कडांपासून ५-५ सेंमी आत आणि एक बरोबर मध्ये, अशा उभ्या तीन ओळी. पडदा एक मीटरहून रुंद असेल तर चार ओळी करा. प्रत्येक कडीला सहा-सात टाके घाला, कारण सगळं वजन तिच्यावर असतं. कामट्या सरकवा आणि टोकं बंद करा.

यंत्र नसेल तर शिंप्याकडे खडूने आखलेलं, टाचलेलं कापड न्या. सरळ टीपा त्यांच्यासाठी दहा मिनिटांचं काम आहे. कापडाच्या गोंदाने चिकटवू नका. पश्चिमेच्या खिडकीत तो सुटतो.

रीप, दोऱ्या आणि भिंत

उरलेल्या अस्तराने रीप गुंडाळून स्टेपल करा. पुढच्या एक इंची बाजूवर वेलक्रोची खरखरीत पट्टी स्टेपल करा, फक्त तिच्या गोंदावर विसंबू नका. खालच्या बाजूला कड्यांच्या ओळींच्या बरोबर वर तीन आय-स्क्रू बसवा.

खिडकीच्या वर बहुतेक घरांत काँक्रीटचं लिंटेल, म्हणजे आडवी तुळई असते. साधं ड्रिल तिथे फक्त आवाज करतं, हॅमर ड्रिल लागतं. एका माणसाला बोलावून सगळ्या खिडक्यांची भोकं एकदम पाडून घेणं स्वस्त पडतं. कोनाड्यात रीप खालून वर स्क्रूने धरली जाते, भिंतीवर दोन एल-कोनांवर बसते. आधी पातळीमापक लावा. छताला समांतर धरू नका, छत खोटं बोलतं.

दोरी सगळ्यात खालच्या कडीला बांधा, त्याच ओळीतल्या वरच्या कड्यांतून आणि आय-स्क्रूतून न्या. ओढायची बाजू उजवी असेल तर डावी दोरी मधल्या आणि उजव्या आय-स्क्रूतूनही जाईल, मधली दोरी उजव्यातून. पडदा पूर्ण खाली सोडा, तिन्ही दोऱ्या सारख्या ताणा आणि मगच एकत्र गाठ मारा. वर ओढल्यावर एक बाजू मागे राहिली तर कापडाला दोष देण्याआधी त्या बाजूची खालची गाठ सोडून पुन्हा बांधा.

घरात लहान मूल असेल तर दोऱ्यांचा पडदा करू नका. लोंबत्या दोरीत मुलाचा गळा अडकून मृत्यू झाल्याच्या घटना अनेक देशांत घडल्या आहेत. अमेरिकेत दुकानात तयार विकल्या जाणाऱ्या ब्लाइंडना लांब लोंबत्या दोऱ्या ठेवायला तिथल्या मानकाने १५ डिसेंबर २०१८ पासून मनाई केली. अशा घरात वरच्या रीपेला पुढून-मागून कापडी पट्ट्यांच्या आखूड जोड्या लावा आणि पडदा हाताने गुंडाळून बांधा. काड्या नाहीत, कड्या नाहीत, खर्चही थोडा कमी. मूल मोठं असलं किंवा नसलं तरी दोरीचा हुक जमिनीपासून दीड मीटरच्या वर लावा आणि दोरी त्यावर पूर्ण गुंडाळा, खाली लोंबू देऊ नका. त्या हुकाजवळ पलंग किंवा खुर्ची ठेवू नका. आणि शेगडीच्या वरच्या खिडकीला कापडी पडदा नकोच, दोरीचा असो की विनादोरीचा.

पहिल्यांदा वर ओढल्यावर घड्या हाताने सारख्या करा, दोन ठिकाणी चिंधीने सैल बांधा आणि दोन-तीन दिवस तसाच ठेवा. कापडाला घडीची सवय लागते.

पावसाळ्यात उलटं करा: पडदा खाली सोडलेला ठेवा. दमट घड्यांच्या आत बुरशीचे काळे ठिपके येतात आणि ते बाहेरून दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. धुवायचा तर दोऱ्या सोडा, वेलक्रो ओढून पडदा उतरवा, घरांच्या एका टोकाचे टाके उसवून कामट्या काढा आणि साध्या पाण्यात हाताने धुवा. कामट्यांवर त्याआधी पेन्सिलने एक ते चार आकडे घाला आणि उजवं टोक कुठलं तेही लिहा. प्रत्येक कामटीला तिचा-तिचा बाक असतो आणि कापडाने त्याच्याशी एव्हाना जुळवून घेतलेलं असतं.